नव्वद दिवसांचा दाखला आणि कॅनडाचं लेटर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, पोट्ट्यांच्या स्कॉलरशिप, सगळं इथंच भरलं जाते. पण कोणत्या एका कागदासाठी माणसं सगळ्यात जास्त खेटे घालतात आणि रडकुंडीला येतात असं कोणी विचारलं तर मी एका दमात सांगीन, बांधकाम कामगाराच्या नोंदणीला लागते तो ९० दिवसांचा दाखला. मागच्या वर्षभरात या माणसानं बांधकामावर ९० दिवस काम केलं, एवढंच त्यावर लिहायचं आणि खाली ठेकेदारानं सही-शिक्का मारायचा. तेवढा कागद असला की बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव लागते, पोरांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, भांड्यांचा संच, सगळं त्याच्यापुढे सुरू होते. आणि तोच कागद भेटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आली होती. रेजा म्हणून काम करते, बोटांच्या पेरांना सिमेंटनं भेगा पडलेल्या, म्हणून थंब मशीनवर तिचा अंगठा पाच वेळा लावला तरी उमटत नव्हता. त्या ठेकेदाराकडे तिनं वर्षभरात तीन घरं उभी होताना पाहिली, म्हणजे विटा आणि माल तिच्याच डोक्यावरून वर गेला. माझ्यासमोर तिनं त्याला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणे, "बाई, रोजचे पैसे रोज देल्ले ना, मंग अजून काय पाह्यजे? मी सही केली त उद्या लेबर ऑफिसवाला मलेच विचारन, एवढे मजूर होते त नोंद कुठं आहे म्हणून." फोन कट झाला. ती तशीच उभी राहिली आणि मला म्हणाली, "भाऊ, काम मी केलं हे साऱ्या गावाले माहीत आहे, मंग ते त्याच्याच सहीनं काऊन खरं होते?"

तिचा हा प्रश्न मला तेव्हा नीट कळला नव्हता. कळला तो सहा महिन्यांनी, जेव्हा आमच्याच घरचा पोरगा कॅनडात याच जागी येऊन उभा राहिला.

माझ्या मोठ्या भावाचा पोरगा. अमरावतीला हॉटेल मॅनेजमेंट केलं, पुण्यात चार वर्षं किचनमध्ये घासला, मग अल्बर्टातल्या एका लहान गावच्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक म्हणून गेला. वर्क परमिट क्लोज्ड, म्हणजे त्या परमिटवर त्याच एका मालकाचं नाव, दुसऱ्या कोणाकडे एक दिवस काम केलं तरी बेकायदेशीर. मालकानं आधी एलएमआयए काढायची असते, म्हणजे या जागेसाठी इथला माणूस मिळत नाही हे तिथल्या सरकारला पटवून द्यायचं, त्याची फी एका जागेला १,००० डॉलर, आणि ती फी कामगाराकडून वसूल करायची नाही असा तिथला नियमच आहे. आमच्या भावाकडून मात्र ती नागपुरातल्या एका कन्सल्टंटनं "प्रोसेसिंग" म्हणून घेतली, वर अजून किती घेतले ते लिहायला बसलो तर वहिनीच्या डोळ्यात पाणी येईल. दोन एकर गहाण पडलं. हे मी आज लिहून राहिलो कारण तेव्हा मला नियम माहीत नव्हता, फॉर्म भरायचं दुकान असून माहीत नव्हता.

पोरगा कामाला वाघ आहे. दोन वर्षं झाली, इंग्रजीची परीक्षा दिली, एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पॉईंट पाहून माणसं निवडायच्या तिथल्या सरकारी यादीत, नाव टाकलं आणि एक दिवस पीआरसाठी, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवान्यासाठी, अर्ज करा म्हणून इन्व्हिटेशन आलं. घरी पेढे वाटले. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इन्व्हिटेशन आलं म्हणजे पीआर झाला असं नाही, तिथून ६० दिवस मिळतात आणि तेवढ्यात सगळे कागद अपलोड करायचे. पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, आणि ज्या कामाच्या जोरावर पॉईंट मिळाले त्या कामाचं मालकानं दिलेलं लेटर. कॅनडातल्या अनुभवावर जो अर्ज होतो त्यात मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्षाचं, म्हणजे १,५६० तासांचं, कौशल्याचं काम दाखवावं लागते. ते लेटर कंपनीच्या लेटरहेडवर पाहिजे, त्यात पद काय, कोणत्या तारखेपासून, आठवड्याला किती तास, पगार किती आणि मुख्य म्हणजे रोजचं काम नेमकं काय काय, हे सगळं पाहिजे, खाली सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा.

त्याला जे लेटर मिळालं त्याचा फोटो त्यानं मला पाठवला. इकडे सकाळचे साडेअकरा, तिकडे रात्रीचे बारा, तो नुकताच भट्टी बंद करून रूमवर आला होता. दोन ओळी. "हा माणूस आमच्याकडे किचनमध्ये काम करतो. त्याची वागणूक चांगली आहे." बस. तारीख नाही, तास नाहीत, पगार नाही, कामाचं एक अक्षर नाही. निळ्या पेनाची सही, आणि लेटरहेडवरचा फोन नंबर खोडून वर हातानं दुसरा लिहिलेला. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला, वाटलं खाली अजून काही असेल जे कापलं गेलं. नव्हतं.

आता यात "किचनमध्ये काम करतो" हा शब्द किती घातकी आहे ते समजून घ्या. कॅनडा सरकारच्या नोकऱ्यांच्या यादीत कुक वेगळा आणि किचन हेल्पर वेगळा. टीअर म्हणजे कामाच्या कौशल्याची पायरी, कुक टीअर ३ मध्ये येतो, हेल्पर टीअर ५ मध्ये, आणि या अर्जाला टीअर ० ते ३ पर्यंतचंच काम चालते. भांडी घासणारा आणि पन्नास माणसांची ग्रेव्ही एकट्यानं काढणारा, दोघंही किचनमध्येच काम करतात. तिथला ऑफिसर पदाचं नाव पाहून सोडत नाही, रोजची कामं वाचतो आणि ती यादीतल्या कामांशी जुळवतो. म्हणजे पोरगा मेनू ठरवत होता, माल मागवत होता, दोन नव्या पोरांना तंदूर शिकवत होता, हे सगळं खरं असून कागदावर नाही म्हणून नाही. रेजा बाईचंच झालं ना हे, सात समुद्रापलीकडे!

मालकाला त्यानं पुन्हा विचारलं तर तो स्पष्ट बोलला. पीआर झाला की तू मोठ्या शहरात पळशील, मग मी परत माणूस कुठून आणू, अजून दोन वर्षं थांबतो असं लिहून दे मग पाहू. माझा भाऊ इकडून फोनवर त्यालाच समजावत होता, "बाबू, मालकाले नाराज नको करू, तो हाय म्हणून तू तिथं हाय." भावाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे हेच शिकवलं जाते, ज्याच्या दारात भाकर आहे त्याच्यासमोर मान वर करायची नाही. पण तिथंच मला या सगळ्याची गाठ दिसली आणि म्हणून हा लेख.

माझं म्हणणं असं आहे. मालकानं पीआरला मदत करणं या एकाच शब्दाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. एक आहे पाठिंबा, म्हणजे मालकानं स्वतः अर्ज करणं, सरकारकडे खर्च भरणं, प्रांताच्या सरकारनं या माणसाचं नाव सुचवावं (त्याला नॉमिनेशन म्हणतात) म्हणून पुढे येणं. दुसरी आहे साक्ष, म्हणजे या माणसानं माझ्याकडे अमुक तारखेपासून अमुक काम केलं एवढं खरं लिहून देणं. पाठिंबा द्यायचा की नाही हे मालकानं ठरवावं, तो त्याच्या खिशाचा आणि धंद्याचा प्रश्न आहे, फक्त नाही द्यायचा असेल तर पहिल्या दिवशी सांगावं, दोन वर्षं गाजर दाखवू नये. साक्ष मात्र त्याची मर्जी नाही. ती कामगाराची कमाई आहे, जशी महिन्याची पगाराची पावती. घाम गळून गेला, त्याचा हिशेब कागदावर उतरवून देणं ही मेहरबानी कशी काय होऊ शकते?

मालकाची बाजू मला कळत नाही असं नाही. माझ्याकडे सात एकर आहे आणि सालदार ठेवूनच ती होते. पाडव्याला करार होतो, उचल द्यावी लागते, आणि तीन वर्षांमागं ऐन सोयाबीनच्या सोंगणीत माझा सालदार उचल घेऊन सुरतेकडे निघून गेला होता, माझं त्या हंगामात काय झालं ते मलाच माहीत. त्यामुळे रेस्टॉरंटवाल्याची भीती खोटी आहे असं मी कधी म्हणणार नाही. जाहिरात द्या, फी भरा, महिनोन्महिने वाट पाहा, तपासणीला तोंड द्या आणि मग शिकून तयार झालेला माणूस एका सकाळी बॅग उचलून गेला तर राग येणारच. लहान गावात तर अजूनच, तिथं हिवाळ्यात उणे तीसमध्ये कोण यायला बसला आहे.

पण मी जेव्हा त्या सालदाराचा विचार शांतपणे केला तेव्हा मला हे मान्य करावं लागलं, की त्याला गावात ठेवायला माझ्याकडे उचलीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. पगार सुरतेपेक्षा कमी, सुट्टी नाही, त्याच्या पोरीच्या शाळेची सोय नाही. जो माणूस फक्त दोरीमुळे थांबला तो दोरी सुटली की जाणारच, आणि दोरी अजून घट्ट बांधणं हा त्याचा उपाय होऊ शकत नाही, आपल्या देशात १९७६ ला वेठबिगारी बंद करायचा कायदा याच्याचसाठी झाला. कॅनडाबद्दलही हे मी एकटा म्हणत नाही. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे आधुनिक गुलामगिरीवरचे विशेष प्रतिनिधी टोमोया ओबोकाता कॅनडात जाऊन आले आणि तिथल्या तात्पुरत्या परदेशी कामगारांच्या योजनेतली शेतीची आणि कमी पगाराची शाखा म्हणजे आजच्या काळातल्या गुलामगिरीला पोसणारी जमीन आहे असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि त्याचं मोठं कारण परमिट एकाच मालकाला बांधलेलं असणं हेच. छळ होत असेल तर ओपन परमिट, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करता येईल असं परमिट, मिळायची सोय तिथं २०१९ पासून आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण ती छळाचा पुरावा जमवून दाखवणाऱ्यासाठी. आमच्या पोराला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, पगार बँकेत जमा होत होता. फक्त एक कागद अडवला, आणि तेवढ्यानं त्याची दोन वर्षं आणि आमची दोन एकरं हवेत लटकली.

कोणी म्हणेल, लेटर सक्तीचं केलं तर खोटी लेटरं वाढतील. मला उलट वाटते आणि ते मी माझ्या काउंटरवर बसून पाहिलं आहे म्हणून सांगतो. आमच्या तालुक्यात ९० दिवसांच्या दाखल्याचा भाव चालतो. ज्यानं आयुष्यात घमेलं उचललं नाही तो पैसे देऊन दाखला आणतो आणि माझ्या समोर भांड्यांचा संच घेऊन जातो, आणि ती रेजा बाई तशीच राहते. खरी सही दुर्मिळ झाली, एकाच माणसाच्या मर्जीवर गेली, की तिची किंमत ठरते, आणि किंमत ठरली की जो देईल त्याला मिळते. कॅनडात नेमकं हेच मोठ्या प्रमाणात झालं. एलएमआयएवाल्या जॉब ऑफरला एक्सप्रेस एंट्रीत ५० पॉईंट मिळायचे, वरच्या मॅनेजमेंटच्या पदाला २००, म्हणून एलएमआयएचा बाजार भरला, आणि शेवटी हा घोटाळा आवरायला म्हणून २५ मार्च २०२५ पासून सरकारनं ते पॉईंटच काढून टाकले. विकणारे सुटले, आणि ज्यांना खरी ऑफर होती त्यांचे पॉईंट गेले. मालकाच्या हातात जेवढं जास्त देऊन ठेवाल तेवढा बाजार मोठा होते, हा धडा त्यातून घ्यायला पाहिजे होता, पण अनुभवाचं लेटर अजूनही मालकाच्याच हातात आहे.

खरं तर सरकारला या साक्षीची एवढी गरजही नसायला पाहिजे. पोराचा पगार बँकेतून गेला, त्यावर टॅक्स कापला, दरवर्षी पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारी टी४ स्लिप निघाली, पेन्शनमध्ये पैसे गेले. कोणत्या मालकाकडे कोणत्या पदासाठी परमिट दिलं हे त्याच सरकारच्या दुसऱ्या टेबलावर लिहिलेलं आहे. नोकरी सुटली की मालकाला रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट नावाचा कागद सरकारकडे द्यावाच लागतो, त्यात किती तास काम केलं तेही येते, फक्त रोजचं काम काय होतं ते येत नाही. मग त्यात चार ओळी वाढवायला काय हरकत आहे? परमिट देताना जी कामं मालकानंच लिहून दिली होती ती, आणि वर्षाला एकदा "होय, हेच काम करून राहिला" अशी टिक. एवढं झालं तरी हजारो पोरांच्या मागची कटकट संपेल.

आणि हे काही हवेतलं बोलणं नाही, जगात चालू आहे. जर्मनीच्या व्यवसाय कायद्याचं १०९ वं कलम म्हणते की नोकरी सोडताना कामाचं स्वरूप आणि कालावधी लिहिलेलं लेखी प्रमाणपत्र हा नोकरदाराचा हक्क आहे, त्यानं मागितलं तर काम आणि वागणूक कशी होती तेही लिहून द्यावं लागते. तिथं ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराला, २७ महिने पेन्शन फंडात भरणा झालेला असला, आणि भाषा बी१ पर्यंत येत असली तर २१ महिन्यांतच, कायमचं राहायचा परवाना मागता येतो, मालकाच्या मनात काय आहे हा प्रश्न मधात येत नाही, फंडाचा हिशेब बोलतो. कॅनडातच क्यूबेक प्रांतात नोकरी संपल्यावर काय काम केलं आणि किती दिवस केलं याचं प्रमाणपत्र मागायचा कायदेशीर हक्क आहे. मग अल्बर्टात का नको? आपल्याकडेही कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत लिहून ठेवलं आहे की कायम कामगाराला नोकरीवरून जाताना सेवेचं प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. कायम कामगाराला. कंत्राटीचं, रोजंदारीचं, रेजाचं नाव त्यात नाही, आणि आपल्या भागात कायम कामगार आहेत किती, एमआयडीसीत जाऊन पाहा, कायम करावं लागू नये म्हणून २४० दिवस भरायच्या आधी ब्रेक दिलेला असते.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणं आणि देणं दोन्ही बेकायदेशीर केलं, आणि जुलै २०२४ पासून नोकरी सुटली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस दिले. अमेरिकेचं दुखणं निराळं, तिकडे आपल्या शेगाव-अमरावतीच्या कॉलेजातून गेलेले इंजिनिअर आहेत, आणि ग्रीन कार्डची, म्हणजे तिथल्या पीआरची, पहिली पायरी पर्म, म्हणजे या जागेसाठी तिथला माणूस मिळत नाही हे दाखवणं, ती मालकानेच चढायची असते. पण त्या पर्मचा खर्च, वकिलाच्या फीसकट, कामगाराकडून घ्यायला २००७ पासून बंदी आहे, आणि पुढचा आय-१४० नावाचा मालकाचा अर्ज मंजूर होऊन १८० दिवस झाले की मालकानं मागे घेतला तरी तेवढ्यानं माणसाची रांगेतली तारीख जात नाही. रांग एवढी लांब का, तर वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं आणि कोणत्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांच्या आसपासच, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला एवढंच दाखवायचं की जिथं कायदा करायचा ठरवला तिथं मालकाच्या मर्जीला कुंपण घालता आलं.

आता आपल्याकडचं बोलतो, कारण कॅनडाचा कायदा माझ्या लेखानं बदलणार नाही पण आपल्या गावातलं वागणं बदलू शकते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, १०,००० कुशल पोरं पाठवायची म्हणून, जर्मन भाषेचे क्लासही काढले. माझ्या दुकानात त्याचे फॉर्म भरायला वेल्डर आले, इलेक्ट्रिशियन आले, नर्सिंग झालेल्या पोरी आल्या. सरकार जर मधात उभं आहे तर सरकारनं एक अट टाकावी, प्रत्येक करारात लिहा की पुढे स्थायिक व्हायला मालक काय करणार आणि काय नाही करणार, आणि अनुभवाचं पूर्ण लेटर मागितल्यापासून पंधरा दिवसांत देणार. सरकारी करार असून हे नसेल तर मग नागपुरातल्या त्या कन्सल्टंटात आणि आपल्यात फरक काय राहिला.

कन्सल्टंटांचंही ऐका. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेला एजंट ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर त्यांची यादी आहे, कोणीही पाहू शकते, माझ्या दुकानात फुकट पाहून देतो. आमच्या भावानं ज्याला पैसे दिले त्याचं नाव त्या यादीत नव्हतं. बोर्ड मात्र मोठा होता, काचेचं ऑफिस, थंडगार एसी, भिंतीवर मेपलचं पान.

पोराचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ६० पैकी ४१ दिवस त्या दोन ओळींच्या लेटरपायी गेले. मधात आमच्याच नात्यातला एक जण मला म्हणाला, "तुझ्याजवळ कॉम्प्युटर हाय, प्रिंटर हाय, लेटरहेड करून टाक ना बावा, कोण पाहाले येते." मी त्याला हात जोडले. खोटा कागद सापडला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि ते नाही सापडलं तरी, ज्या पोरानं खरंच काम केलं त्याला खोट्याचा आधार द्यायची वेळ यावी हेच मला सहन झालं नाही. मग आम्ही दोघं रोज रात्री बसलो, म्हणजे त्याची रात्र, माझी सकाळ. सगळ्या पे-स्लिपा, दोन वर्षांच्या टी४, बँकेचे स्टेटमेंट, मूळ जॉब ऑफर ज्यात कामं लिहिली होती, मालकाला लेटर मागितल्याचे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट. आधी सोडून गेलेल्या एका शेफनं शपथपत्र करून दिलं, की होय, हा माझ्यासोबत कुक म्हणून उभा होता. तो शेफ बंगालचा, त्याचं आमचं काही नातं नाही, एक दिवसाची मजुरी बुडवून तो नोटरीकडे गेला. हे सगळं आणि मालकानं पूर्ण लेटर का दिलं नाही याचं एक पत्र जोडून अर्ज गेला, मुदतीच्या तीन दिवस आधी. ऑफिसर हे मान्य करेल की नाही हे त्याच्या हातात आहे. फाईल अजून लागायची आहे.

एक गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो आणि ती इथं लिहितो कारण कोणाचं तरी भलं होईल. कागद भांडण झाल्यावर मागू नका, भांडण नसताना मागा. दर सहा महिन्यांनी, मालक खुशीत असताना, दिवाळीच्या आसपास, एक लेटर घेऊन ठेवा, आणि मसुदा स्वतः लिहून न्या, कारण लहान मालकांना पुष्कळदा काय लिहायचं हेच माहीत नसते आणि ते दुष्टपणानं नाही तर आळसानं टाळतात. हेही खरं आहे, सगळे मालक सारखे नाहीत, आमच्याच शेजारच्या गावची एक पोरगी तिकडे वृद्धांच्या घरात काम करते, तिच्या मालकिणीनं स्वतः बसून तीन पानांचं लेटर टाईप केलं. तास रोख पैशात करू नका, चाळीस तास स्लिपवर आणि वीस तास पाकिटात असं चालू असेल तर ते वीस तास पुढे कोणत्याच हिशेबात येत नाहीत. आणि आई-बापांनो, पोराला "मालकाले नाराज नको करू" म्हणायच्या आधी त्याला विचारा की कागद हातात आहे का.

मी स्वतःपासून काय केलं तर यंदा पाडव्याला सालदारासोबत करार करताना दोन प्रती काढल्या. कोणत्या तारखेपासून, काम काय, वर्षाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती आणि ती किती फिटली. एक प्रत त्याच्याजवळ. तो म्हणे, "भाऊ, मले वाचता येत नाही, ठेवू कुठं?" मी म्हटलं पोरीच्या दप्तरात ठेव. ती सातवीत आहे, तिनं तिथंच उभ्यानं मोठ्यानं वाचून दाखवला आणि धान्याच्या आकड्यात माझी एक चूक काढली, दोन पायल्या कमी लिहिल्या होत्या मी. दुरुस्त केलं, बाजूला सही केली.

मागच्या हप्त्यात दिग्रसकडचे दोघं भाऊ आले होते, पासपोर्टचा फॉर्म भरायला, मोठा ट्रक चालवतो, लहान्याला वेल्डिंग येते. एजंटनं मोबाईलवर पाठवलेली जॉब ऑफर दाखवली. पगार होता, राहायची सोय होती, विमानाचं तिकीटही होतं. मी म्हटलं, पुढे तिथंच राहायचं ठरलं तर कामाचं लेटर कधी देणार, कोण देणार, हे यात कुठं लिहिलं आहे का? मोठ्यानं तिथंच एजंटला फोन लावला आणि माझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिकडून आवाज आला, "आधी जा तर खरं, मंग पाहू." मोठ्यानं माझ्याकडे पाहिलं, फोन कानाला तसाच धरून म्हणाला, "नाही भाऊ, आधी लिहून पाठवा," आणि लहान्याला खुणेनं सांगितलं की पैसे अजून टाकू नको.